टिप्स विरुद्ध विंक : ज्या खटल्यात गाणारा पक्षकार नव्हता

२३ एप्रिल २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. जे. काथावाला यांनी टिप्स इंडस्ट्रीज विरुद्ध विंक म्युझिक या दाव्यात अंतरिम निकाल दिला. वादी म्हणजे कॅसेटच्या जमान्यापासून मुंबईत गाण्यांचा धंदा करणारी कंपनी. प्रतिवादी म्हणजे एअरटेलचं गाणी ऐकवणारं ॲप. भांडण पैशांचं होतं, पण न्यायालयापुढे ते एका कायदेशीर प्रश्नाच्या रूपात आलं: इंटरनेटवर गाणी ऐकवणाऱ्याला, गाण्याच्या मालकाची इच्छा नसतानाही, रेडिओसारखी कायद्याने मिळणारी परवानगी घेता येईल का? न्यायालयाने 'नाही' असं उत्तर दिलं.

या दाव्यात एकही गायक, गीतकार, संगीतकार किंवा वादक पक्षकार नव्हता. तरी स्ट्रीमिंगचा पैसा आपल्याकडे कुणाच्या खिशातून निघून कुणाच्या खिशात थांबतो हे समजून घ्यायचं असेल, तर मला याहून उपयोगी प्रकरण माहीत नाही. परदेशातले आकडे वाचून आपण 'एका स्ट्रीमला किती पैसे' एवढंच विचारत बसतो. आपल्याकडचा गुंता त्याच्या बराच आधी सुरू होतो.

बोलणी कुठे फिसकटली

विंक २०१४ मध्ये आलं. त्या आधीची दहा वर्षं मोबाइल कंपन्या आणि गाण्यांच्या कंपन्या एकमेकांना कॉलर ट्यूनच्या धंद्यातून ओळखत होत्या. तो धंदा मोठा होता. त्यातला मोठा वाटा मोबाइल कंपनी स्वतःकडे ठेवायची आणि उरलेला पुढे द्यायची. ग्राहक तिचा, बिल तिचं, वसुलीही तिचीच. त्यामुळे गाण्याच्या मालकाला मिळेल ते घ्यावं लागायचं. हा अनुभव गाठीशी असलेल्या कंपन्या ॲपच्या काळात सावध होत्या.

टिप्सकडे सुमारे २५,००० ध्वनिमुद्रणं होती. त्यातली बरीच १९९० च्या दशकातल्या हिंदी चित्रपटांची, म्हणजे आज चाळिशीत असलेल्या माणसाला प्रवासात हमखास लागणारी. विंकने ती रीतसर परवाना घेऊन ऐकवली. २०१६ मध्ये परवान्याची मुदत संपली, थोडी वाढवली गेली, नव्या कराराची बोलणी सुरू झाली आणि 'किमान हमी' या मुद्द्यावर अडली. किमान हमी म्हणजे गाणी कितीही ऐकली गेली तरी ॲपने द्यायची ठरलेली रक्कम. ऐकणं वाढलं तर त्यावर जास्तीचे पैसे, कमी झालं तरी हमी कायम. टिप्सला आकडा मोठा हवा होता, विंकला तो परवडत नव्हता.

२०१७ च्या अखेरीस टिप्सने नोटीस पाठवली: आमची गाणी काढून टाका. विंकने उलट उत्तर दिलं की आम्हाला तुमच्या परवान्याची गरजच नाही. आम्ही 'प्रसारक' आहोत, कॉपीराइट कायद्याचं कलम ३१ डी आम्हाला लागू आहे, आणि त्यानुसार ठरेल ती रॉयल्टी आम्ही भरू.

३१ डी आलं कुठून

हे कलम एफएम रेडिओच्या भांडणांतून जन्मलं. खासगी एफएम केंद्रं सुरू झाल्यावर गाण्यांच्या कंपन्या जो दर मागत होत्या तो केंद्रांना झेपत नव्हता. प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि शेवटी ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने दर ठरवून दिला: केंद्राच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के. सगळ्या ध्वनिमुद्रणांचे मिळून दोन टक्के. रेडिओवाल्यांनी सुटकेचा श्वास सोडला. कंपन्यांचा जळफळाट झाला.

मग २०१२ ची दुरुस्ती आली, २१ जून २०१२ पासून लागू झाली. त्यात ३१ डी होतं: प्रसारकाने आधी सूचना द्यावी, बोर्डाने ठरवलेला दर भरावा आणि गाणं वाजवावं, मालकाच्या संमतीची वाट पाहू नये. रेडिओ केंद्राने प्रत्येक गाण्यासाठी वेगळ्या दारात उभं राहणं शक्य नाही, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता आणि रेडिओपुरता तो चुकीचा नव्हता.

त्याच दुरुस्तीत दुसरी एक तरतूद होती, जिच्यासाठी राज्यसभेत नियुक्त सदस्य असलेले जावेद अख्तर भांडले होते. गीतकार आणि संगीतकाराने चित्रपटासाठी आपलं काम विकलं, तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा त्याच्याकडून काढून घेता येणार नाही. करारात तसं लिहून सही घेतली तरी ती सही चालणार नाही. म्हणजे एकाच कायद्याने एका हाताने रेडिओला स्वस्त गाणी दिली आणि दुसऱ्या हाताने गाणं लिहिणाऱ्याला न विकता येणारा हक्क दिला. पुढे स्ट्रीमिंग आलं तेव्हा या दोन तरतुदी समोरासमोर येणार होत्या.

इथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ बाजारात आलं आणि देशभर डेटा फुकट झाला. त्याच तारखेला केंद्र सरकारच्या औद्योगिक धोरण विभागाने एक कार्यालयीन ज्ञापन काढलं: ३१ डी मधल्या प्रसारणात इंटरनेटही येतं. विंकची मुख्य भिस्त याच कागदावर होती.

न्यायालयाने काय पाहिलं

न्या. काथावाला रात्री उशिरापर्यंत न्यायालय चालवण्यासाठी ओळखले जात. मे २०१८ मध्ये त्यांनी पहाटे साडेतीनपर्यंत कामकाज चालवल्याची बातमी झाली होती. या निकालातही त्यांनी विंकचं ॲप सुटं करून पाहिलं. ग्राहक तिथे तीन गोष्टी करू शकत होता. एक, गाणं विकत घेऊन कायमचं उतरवून ठेवणं. दोन, महिन्याचे पैसे भरून गाणी फोनमध्ये साठवणं, जी वर्गणी थांबली की वाजायची बंद होतात. तीन, नुसतं ऐकणं.

पहिली सरळ विक्री आणि दुसरं भाडं, असं न्यायालयाने म्हटलं. विक्रीचा आणि भाड्याचा हक्क कायद्यात स्वतंत्र सांगितला आहे, प्रसारणाचा त्याच्याशी संबंध नाही, त्यामुळे या दोन्हींसाठी ३१ डी चा प्रश्नच येत नाही. ग्राहक गाणी स्वतःपुरती साठवतो, म्हणून तो 'खासगी वापर' आहे, हा विंकचा दुसरा बचावही टिकला नाही. ग्राहक खासगी असेल, विंक धंदा करत होतं.

उरलं ऐकणं. ३१ डी मध्येच लिहिलं आहे की रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांच्यासाठी वेगवेगळे दर ठरवावेत. इंटरनेटचं नाव नाही. २०१२ मध्ये संसदेला इंटरनेट माहीत नव्हतं असं कुणी म्हणणार नाही, तरीही ते घातलं नाही, म्हणजे घालायचं नव्हतं. शिवाय आधी दर ठरलेला असणं ही या परवान्याची अट आहे आणि इंटरनेटसाठी असा दर कुणी ठरवलेलाच नव्हता. सरकारी ज्ञापनाबद्दल न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की खात्याच्या अशा मताला कायद्याचं बळ नसतं. विंकला टिप्सची गाणी वापरण्यास मनाई झाली. अपील झालं आणि २० ऑक्टोबर २०२२ ला खंडपीठाने हाच निकाल कायम केला.

कलम जसं लिहिलं आहे तसं वाचलं तर निकाल बरोबर आहे, असं मला वाटतं. मालकाच्या संमतीशिवाय त्याची वस्तू वापरू देणारा कायदा ताणून वाचायचा नसतो.

खटला सुरू असतानाच हाच प्रश्न दुसऱ्या दारानेही मुंबई उच्च न्यायालयात आला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात उतरत होतं, पण वॉर्नर चॅपल या गीत-संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीशी करार झाला नव्हता. स्पॉटिफायनेही ३१ डी चाच आधार घेतला. वॉर्नर न्यायालयात गेलं. ॲप सुरू झालं, भांडण चालू राहिलं, आणि जानेवारी २०२० मध्ये दोघांत करार झाला. तोवर टिप्सचा निकाल आलेला होता. 'कायद्याने घेऊ' हा पर्याय कमकुवत झाला की करार लवकर होतात.

केंद्र सरकारने मात्र लगेच हार मानली नाही. ३० मे २०१९ ला, म्हणजे निकालानंतर पाच आठवड्यांत, नियमांचा मसुदा आला, ज्यात रेडिओ-दूरचित्रवाणीच्या जागी 'प्रसारणाचा कोणताही प्रकार' घालायचा बेत होता. २०२१ मध्ये नियम अंतिम झाले तेव्हा ही दुरुस्ती त्यात नव्हती. जुलै २०२१ मध्ये संसदेच्या वाणिज्यविषयक स्थायी समितीने कायद्यातच इंटरनेट घालावं अशी शिफारस केली. कलमात इंटरनेट अजूनही आलेलं नाही.

एका वर्गणीचा हिशेब

आता पैसा. स्पॉटिफाय भारतात आलं तेव्हा महिन्याची वर्गणी ₹११९ होती. त्याच वेळी अमेरिकेत ती ९.९९ डॉलर होती, म्हणजे आपल्या सहापट. ₹११९ मधून १८ टक्के जीएसटी वजा केला की ₹१०१ उरतात.

आपल्याकडचे करार गुप्त असतात, म्हणून वाटणीसाठी बाहेरचा आधार घेऊ. ब्रिटिश संसदेच्या एका समितीने २०२१ मध्ये स्ट्रीमिंगच्या अर्थकारणाची चौकशी केली. तिच्या अहवालानुसार ढोबळ वाटणी अशी: ३० टक्के ॲपला, ५५ टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, १५ टक्के गीत आणि संगीताच्या हक्कांना. हीच वाटणी इथे लावून पाहू. एक ग्राहक रोज २० गाणी ऐकतो असं धरलं, तर महिन्याला ६००. ध्वनिमुद्रणाच्या वाट्याला गाण्यामागे सव्वानऊ पैसे, गीत-संगीताच्या वाट्याला अडीच पैसे.

एखादं मराठी गाणं एक लाख वेळा ऐकलं गेलं. कंपनीला ध्वनिमुद्रणाचे सुमारे ₹९,२५० मिळाले. गीत-संगीताचे सुमारे ₹२,५०० झाले. हे हक्कही आपल्याकडे बहुधा त्याच कंपनीकडे असतात, त्यामुळे निम्मे तिचे. उरलेल्या निम्म्यात गीतकार आणि संगीतकार समान वाटेकरी. गीतकाराच्या हाती सव्वासहाशे रुपये, तेही वसुली करणाऱ्या संस्थेचा खर्च वजा होण्याआधी. गायकाने रेकॉर्डिंगच्या दिवशी एकरकमी मानधन घेतलं असेल, तर त्याच्या करारात या लाखाबद्दल बहुधा काहीच नसतं. ढोलकी आणि बासरी वाजवणाऱ्यांचं नाव ॲपवर शोधूनही सापडत नाही.

आणि हा सगळा हिशेब पैसे भरणाऱ्या ग्राहकाचा आहे. भारतात गाणी ऑनलाइन ऐकणारे अठरा कोटींच्या घरात मोजले गेले तेव्हा पैसे भरणारे एक कोटीही नव्हते. बाकीचे जाहिराती ऐकतात, किंवा मोबाइलच्या रिचार्जमध्ये आलेलं ॲप वापरतात. त्यांच्यामागचा पैसा याच्या एका अंशाइतका असतो.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला सहसा ठाऊक नसते. समजा तुम्ही महिनाभर फक्त अभंग ऐकलेत. तुमचे पैसे अभंग गाणाऱ्यांना जात नाहीत. सगळ्यांचे पैसे एका राशीत जमा होतात आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जितका वाटा तितके त्याला मिळतात. रात्रंदिवस गाणी लावून ठेवणाऱ्याचं मत तुमच्यापेक्षा जड पडतं. साउंडक्लाउड या ॲपने २०२१ मध्ये काही कलाकारांपुरतं 'ज्याचे पैसे त्याच्या आवडीच्या गायकाला' हे तत्त्व आणलं. मोठ्या ॲपांवर राशीचीच पद्धत आहे.

स्पॉटिफायने २०२४ पासून आणखी एक उंबरा घातला: गेल्या बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याला काहीच नाही. हजार स्ट्रीमचे पैसे तसे चहापाण्याइतकेच, त्यामुळे रकमेचं नुकसान फार नाही. पण ज्यांची यादी लांब आणि प्रत्येक गाण्याचा श्रोता थोडा, त्यांना हा नियम टोचतो. गावोगावचे भारूड गाणारे, जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करणारे, तालुक्याच्या देवस्थानाची आरती काढणारे हे त्यातले.

शास्त्रीय संगीताची अडचण आणखी निराळी. तीस सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजली जाते. अडीच मिनिटांचं आयटम साँग एक आणि चाळीस मिनिटांचा बडा ख्यालही एकच. पुण्या-मुंबईतले गायक आता मैफलीच्या ध्वनिमुद्रणाचे आलाप, विलंबित, द्रुत असे तुकडे करून टाकतात. श्रोता मध्येच द्रुत बंदिशीवर येऊन पडतो, आधी राग कसा उभा राहिला हे त्याने ऐकलेलं नसतं. चित्रपटगीतांत सुरुवातीच्या लांब संगीताला कात्री लागली त्यामागेही हेच तीस सेकंद आहेत, आणि रील्सचा पंधरा सेकंदांचा मुखडा आहे.

कायद्याला गाणारा दिसायला किती वर्षं लागली

पुन्हा कायद्याकडे येतो, कारण मुळं तिथे आहेत. १९६० च्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांना रॉयल्टी मिळावी अशी मागणी केली. मोहम्मद रफींचं म्हणणं वेगळं होतं: मानधन घेतलं की गायकाचा हक्क संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं बंद केलं होतं. रफींची बाजू भाबडी वाटेल, पण तेव्हाचा कायदा त्यांच्याच बाजूने होता.

१९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेविरुद्ध निर्णय दिला. निर्मात्याने पैसे देऊन गाणं करून घेतलं की ते निर्मात्याचं. त्या निकालाला न्या. कृष्ण अय्यर यांनी वेगळं टिपण जोडलं आणि कायद्याच्या एका विचित्रपणावर बोट ठेवलं: कायद्याच्या दृष्टीने संगीत म्हणजे कागदावर उतरवलेली स्वरलिपी, गाणाऱ्याच्या गळ्यातून निघतं ते त्यात बसतच नाही. तोंडी परंपरेवर उभ्या असलेल्या संगीतासाठी हा केवढा उफराटा प्रकार. गायक-वादकांना कायद्यात स्वतःचा हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने, आणि व्यापारी वापरावर रॉयल्टीचा हक्क २०१२ मध्ये.

हक्क मिळणं आणि पैसे मिळणं यांत पुन्हा अंतर पडलं. कंपन्या आणि आयपीआरएस यांच्यातली जुनी भांडणं मिटायला २०१७ उजाडलं. संस्थेची पुन्हा नोंदणी झाली, जावेद अख्तर अध्यक्ष झाले, आणि मग वसुली झपाट्याने वाढली: २०२२-२३ मध्ये ती साडेपाचशे कोटी रुपयांच्या पुढे गेली, आणि त्यातला मोठा भाग डिजिटल वापरातून आला. गीतकार-संगीतकारांसाठी स्ट्रीमिंगने केलेलं हे सर्वांत ठोस भलं. ज्यांना चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या गाण्याचा एक पैसा कधी आला नव्हता, त्यांच्या किंवा त्यांच्या वारसांच्या खात्यात आता पैसे येतात. नोंदणी केली असेल तर.

ही 'तर' मराठीत फार मोठी आहे. भक्तिगीतं, भीमगीतं, कोळीगीतं, लग्नाची गाणी यांचा कॅसेटकाळातला साठा अफाट. ती गाणी कुणीतरी लिहिली, कुणीतरी चाल दिली. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो आणि कंपनीचं नाव, गीतकाराचं नाव बारीक अक्षरात किंवा नाहीच. तीच कॅसेट पुढे ॲपवर चढली तेव्हा 'पारंपरिक' असं लिहून मोकळे झाले. एकदा पारंपरिक म्हणून नोंद झाली की पैसे मागायला कुणी उरत नाही, आणि खरा शाहीर एखाद्या वस्तीत म्हातारपण काढत असतो.

गायकांच्या संस्थेची वाट अधिक लांबची. तिची नोंदणी २०१३ ची. कंपन्यांशी समझोता होऊन गायकांना आणि पुढे वादकांनाही रॉयल्टी देण्याचं ठरायला २०२३ उजाडलं. तोवर, आणि खरं सांगायचं तर अजूनही, मराठी गायकाचं घर चालतं ते सुपाऱ्यांवर: गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी पहाट, लग्नाचं संगीत, गावची जत्रा. तिथे स्ट्रीमिंगचा उपयोग जाहिरातीसारखा होतो. आयोजक आधी ॲपवरचा आणि यूट्यूबवरचा आकडा पाहतात आणि मग मानधन बोलतात. करोनाच्या २०२० मध्ये कार्यक्रम बंद झाले, ऐकणं मात्र चालूच राहिलं. त्या वर्षी अनेक गायक-वादकांना कळून चुकलं की लाखांच्या आकड्यांवर महिन्याचा किराणा येत नाही.

बाजू दुसरीही आहे. कंपनीच्या दारात न जाता थेट वितरकामार्फत गाणं ॲपवर टाकता येतं. जळगाव-नांदेडकडची, खानदेशी-अहिराणीतली पोरं घरच्या संगणकावर गाणी करून हक्क स्वतःकडे ठेवतात, आणि एखादं रील्सवर चाललं तर वर सांगितलेल्या हिशेबातले सव्वानऊ आणि अडीच पैसे दोन्ही त्यांचे होतात. अशी गाणी थोडी, पण ती पूर्वी निघूच शकत नव्हती.

जिंकलं कोण

टिप्स जिंकलं, आणि कागदावर दिसतं तसं जिंकलं. २०२३-२४ मध्ये कंपनीचं उत्पन्न सुमारे २४२ कोटी होतं आणि निव्वळ नफा सुमारे १२७ कोटी. उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नफा असणारे धंदे फारसे नसतात. ज्यांचा खर्च कधीच वसूल झाला आहे ती जुनी गाणी पुन्हा पुन्हा ऐकली जातात, आणि ती कोणत्या भावाने द्यायची याची घासाघीस मालकाच्या हातात राहिली.

विंकची गोष्ट उलटी. ऑगस्ट २०२४ मध्ये एअरटेलने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि ॲपल म्युझिकशी हातमिळवणी केली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला रेसो हे दुसरं ॲप भारतातून गेलं होतं. गाना हे ॲप २०२२ मध्येच फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी उरलं आणि पुढे रेडिओ मिर्चीच्या कंपनीकडे गेलं. लोकांना गाणी फुकट देऊन मालकांना किमान हमी भरत राहायचं, हे गणित मोठ्या कंपनीच्या पाठबळावरही चाललं नाही.

श्रोत्यालाही न्यायालयाने नकळत त्याची जागा दाखवली. वर्गणी भरून साठवलेलं गाणं म्हणजे भाड्याचं, असं निकालात लिहिलं आहे. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफाय यांचा करार अडला तेव्हा अनेकांच्या याद्यांमधली गाणी एका सकाळी करडी पडली. पुढे ती परतली, पण विंकवर वर्षानुवर्षं रचलेल्या याद्या ॲपबरोबर गेल्या. घरातल्या कॅसेटला गुंता व्हायचा, फीत पेन्सिलने गुंडाळावी लागायची, पण ती कुणी रात्रीतून घेऊन जात नव्हतं.

माझा मुद्दा मात्र कलाकाराच्या वाट्याचा आहे. ३१ डी ॲपना लागू झालं असतं तर दर बहुधा कमी ठरला असता. दोन टक्क्यांची आठवण कुठल्याच कंपनीने विसरलेली नाही. पण तो दर सुनावणी घेऊन, सर्वांसमोर, छापील आदेशात ठरला असता. कोल्हापुरातल्या गीतकाराला तो वाचता आला असता, आपल्या गाण्याच्या स्ट्रीमशी गुणता आला असता. आता दर दोन कंपन्यांमधल्या गुप्त करारात असतो. रक्कम कदाचित मोठी आहे, पण कायद्याने दिलेला 'समान वाटा' कशाचा समान, हे वाटेकऱ्याला दिसत नाही.

किमान हमीमुळे ही अडचण वाढते. ॲपने कंपनीला वर्षाचे समजा दहा कोटी हमी म्हणून दिले आणि ऐकण्याप्रमाणे सात कोटीच झाले. वरचे तीन कोटी कुठल्या गाण्याचे? ते गाण्यागाण्यावर वाटले तर गीतकारालाही मिळायला हवेत, नाही वाटले तर कंपनीचेच राहतात. जगभर या प्रश्नावर वाद झाले आहेत, आणि काही मोठ्या कंपन्यांनी अशा रकमा कलाकारांशी वाटून घेण्याचं जाहीर केलं. आपल्या बाजूचे बहुतेक करार यावर गप्प आहेत.

आज नवं गाणं करणाऱ्या मराठी गीतकाराने आणि संगीतकाराने करार करताना मानधनाच्या आकड्याबरोबर हिशेबाचं कलम मागावं. वर्षातून दोनदा मिळणाऱ्या तक्त्यात ॲपचं नाव, देश, फुकट आणि वर्गणीच्या स्ट्रीम वेगवेगळ्या, हमीतून आलेली रक्कम, आणि वजावटी, एवढे रकाने असावेत. गायकाने आणि वादकाने आपलं नाव ध्वनिमुद्रणाच्या नोंदीत त्याच दिवशी घालून घ्यावं, कारण संस्था पैसे वाटते ते त्या नोंदीवरून. जुन्या कॅसेटवर 'पारंपरिक' म्हणून चढलेलं आपलं गाणं असेल तर वह्या, कार्यक्रमपत्रिका, मूळ वेष्टन, जे असेल ते घेऊन आयपीआरएसकडे दावा लावता येतो. लेखकाच्या मृत्यूनंतर हा हक्क साठ वर्षं टिकतो, त्यामुळे दावा वारसांनाही लावता येतो.